साखरेचा साचा कुणाच्या हाती?

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर आपण माझ्याकडून नेहमी लागणीच्या नोंदी, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असलेच काहीतरी वाचता. मी शेतकी खात्याचा माणूस. कृषी पदविका घेऊन या नोकरीला लागलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. उसाची गाडी वजनकाट्यावरून गव्हाणीत रिकामी झाली की माझ्या खात्याचे काम संपते. पुढे त्याची साखर होते, साखरेचे पोते होते आणि पोते व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढते. ते पोते पुढे जाते कुठे आणि त्या साखरेचे होते काय, हे ना मी कधी विचारले, ना आपण. या वेळी त्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. विषय थोडा नवलाचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

काकूंच्या गाठ्या

गेल्या संक्रांतीच्या आधी घोटावडे भागात प्लॉट पाहणीला गेलो होतो. आपल्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी आहेत. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो. चहाला बसलो तर पडवीत शेगडीवर परात आणि परातीत काकूंची बोटे. मंद निखाऱ्यावर तीळ आणि खसखस, त्यावर चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सारखे हलवणे. दोन-तीन दिवस हे चालले की दाण्याला काटा फुटतो. आपल्याला काटा म्हटले की वजनकाटा आठवतो, काकूंचा काटा हा असा. त्या हलव्याचे मग हार, बाजूबंद, मुकुट, बाळाच्या बोरन्हाणासाठी बासरी असे दागिने होतात.

मी म्हटले, "काकू, विकत का नाही आणत दाणे?"

"आणते की. पण त्याला काटा नसतो साहेब, नुसता रंग असतो. दाताखाली कुरकुरत नाही."

हिंजवडीच्या सोसायट्यांमधून त्यांना मागणी असते. मागणी आहे, हात मात्र दोनच. संक्रांत झाली आणि त्यातल्याच एका सोसायटीने पाडव्याची मागणी नोंदवली. चाळीस मुलांसाठी साखरेच्या गाठ्यांच्या माळा, आणि प्रत्येक माळेच्या पदकात त्या त्या मुलाचे नाव. गाठीचा साचा लाकडाचा, दोन फाळ्यांचा, कोरीव. चाळीस नावांचे चाळीस साचे हाताने कोरून कोण देणार? काकू नाहीच म्हणणार होत्या. पण त्यांचा नातू पिरंगुटच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर कामाला आहे. तो म्हणाला, "आज्जी, घे ऑर्डर. साचे मी करतो."

पहिला साचा त्याने मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे थरावर थर देऊन वस्तू उभी करणाऱ्या छापयंत्रावर प्लॅस्टिकचा काढला. दिसायला फार सुबक. काकूंनी त्यात पाक ओतला आणि साचाच वाकडा झाला. ते प्लॅस्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडते आणि गाठीचा पाक असतो शंभर अंशांच्या वर. दुसरा साचा त्याने सागवानात यंत्रावर कापून घेतला. या वेळी साचा टिकला, पण गाठ आत अशी चिकटली की निघताना तिचे तुकडे झाले. जी एक अख्खी निघाली तिच्यावरचे नाव उलटे होते.

शेवटी काकू नातवाला घेऊन पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या गाठीवाल्याकडे गेल्या. त्याने साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि दोनच प्रश्न विचारले. "साचा पाण्यात भिजत ठेवला होता का? आणि कडा अशा उभ्या का? उतार द्या की थोडा, गाठ बाहेर यायला वाट नको?"

नातवाने रात्रीत संगणकावरचे चित्र दुरुस्त केले. कडांना उतार दिला, नावे आरशात दिसतात तशी फिरवली. चाळीस वेगळे साचे करण्याऐवजी एकच मोठा साचा ठेवून नावाची छोटी पट्टी बदलता येईल अशी खाच ठेवली. पाडव्याच्या आदल्या दिवशी चाळीसपैकी तेहतीस माळा गेल्या. सात फुटल्या, त्यांचे पैसे काकूंनी घेतले नाहीत.

ही गोष्ट मी कौतुकासाठी सांगत नाही. या एका उद्योगात मला दोन गोष्टी दिसल्या. सागवानाला अक्षर कसे कापायचे ते यंत्राला माहीत होते. साखर साच्यातून कशी सुटते हे त्याला माहीत नव्हते, ते गाठीवाल्याच्या अंगठ्याला माहीत होते. दोन्ही एकत्र आले तेव्हाच माल तयार झाला.

सोऱ्या आणि छापयंत्र

जगात आज याच कामाला मोठे नाव मिळाले आहे. संगणकावर आकार काढायचा, यंत्राने तो साखरेत, पिठात किंवा चॉकलेटमध्ये उतरवायचा, आणि जिभेबरोबर डोळे, कान, नाक, बोटे या सगळ्यांना रुचेल असा खाण्याचा पदार्थ घडवायचा, यावर विद्यापीठांतून संशोधन चालू आहे.

यंत्राचे आपण उगाच भय घेऊ नये. त्याचा एक प्रकार म्हणजे आपल्या घरातला सोऱ्याच. चकलीचे पीठ दाबले की ताटलीच्या भोकातून बाहेर येते आणि बाई हात फिरवून वेढे घालते. यंत्रात हात फिरवण्याचे काम मोटार करते आणि किती फिरवायचा ते संगणक सांगतो. तमिळनाडूत तंजावूर येथील केंद्र सरकारच्या अन्न प्रक्रिया संस्थेत तांदळाचा स्टार्च, अंडे, भरड धान्य व डाळींच्या पिठाचे मिश्रण अशा पदार्थांवर या पद्धतीचे प्रयोग झाले आहेत.

दुसरा प्रकार रांगोळीसारखा. साखरेचा पातळ थर पसरायचा, हवे तेवढेच दाणे एकमेकांना चिकटवायचे, मग दुसरा थर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2007 साली विंडेल ऑस्के आणि लेनोर एडमन या जोडप्याने असे यंत्र घरगुती सामानातून बनवले. गरम हवेच्या झोताने ते साखरेचे दाणे जिथल्या तिथे वितळवून जोडीत असे. त्यांनी साखरच का घेतली? कारण ती स्वस्त, सहज मिळणारी आणि वितळून घट्ट होणारी. म्हणजे ज्या मालाला आपण पोत्याचा माल समजतो, त्याच्यावर तिकडे पुढची यंत्रे शिकत होती.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये वास्तुरचना शिकणाऱ्या काइल आणि लिझ फॉन हॅसेल्न या जोडप्याने मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी साखरेत नाव छापले. घरात केक भाजायला भट्टी नव्हती, हे त्याचे कारण. त्यातून त्यांचा 'शुगर लॅब' हा उद्योग उभा राहिला. 2013 साली थ्रीडी सिस्टिम्स या मोठ्या कंपनीने तो विकत घेतला आणि 2014 च्या जानेवारीत साखर छापणारे यंत्र प्रदर्शनात मांडले. नाव छापलेली साखर! आपल्या काकूंच्या नातवाने याहून वेगळे काय केले?

तिसरे एक उदाहरण मला फार आवडले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लायनिंग याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली सपाट पास्ता तयार केला. त्याच्यावर ठराविक खाचा दाबलेल्या असतात. उकळत्या पाण्यात टाकला की खाचेची बाजू आणि सपाट बाजू कमी-जास्त फुगते आणि पास्ता आपोआप गुंडाळला जातो. सपाट असल्यामुळे वाहतुकीला जागा कमी लागते. खाच कुठे दाबायची एवढ्या ज्ञानाची ही किंमत आहे.

गोडी जिभेवरच नसते

आता पाच इंद्रियांचे. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठात चार्ल्स स्पेन्स नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी आणि मॅसिमिलियानो झांपिनी यांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसे बटाट्याचे वेफर खात असताना, खाण्याचाच आवाज त्यांच्या कानाला लावलेल्या यंत्रातून मोठा करून ऐकवला. वेफर तेच, पण आवाज मोठा व टोकदार झाला की लोकांना ते जास्त ताजे, जास्त कुरकुरीत वाटले. या प्रयोगाला 2008 साली इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. लोक हसले, पण खाद्य कंपन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

आपल्या गुळव्याला हे कुणी शिकवले होते? काहिलीतल्या पाकाचे बुडबुडे तो डोळ्यांनी वाचतो, वास नाकाने ओळखतो. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी करतो आणि ती भांड्याच्या कडेवर आपटून आवाज ऐकतो. टणकन वाजली की काहील उतरवायची. डोळा, नाक, बोट, कान आणि शेवटी जीभ, पाचही हजर. कारखान्यातला आपला जुना पॅनमनसुद्धा काचेवर नमुना घेऊन दाण्याकडे नुसता बघतो आणि सांगतो, अजून थोडे थांबा.

आणि गाठी? गुढीवर कडुलिंबाच्या डहाळीशेजारी पांढरीशुभ्र माळ, हाताला गार, दाताखाली कट् असा आवाज, कडू पानानंतर गोड. हलव्याचा दागिना काळ्या साडीवर उठून दिसतो, बोटाला काटे लागतात, जिभेवर बराच वेळ विरघळत राहतो. आपल्या सणांतल्या या वस्तू डोळा, कान, नाक, बोटे आणि जीभ यांच्यासाठी पिढ्यान्पिढ्या घडवलेल्या आहेत. त्या घडवणाऱ्या बायका आणि कारागीर मात्र कुठल्या विद्यापीठात बसलेले नव्हते, म्हणून त्यांच्या विद्येला आपण विद्या म्हटले नाही, इतकेच.

कमी साखरेचे दिवस

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला गोड बंद करायला सांगितले. साखर कारखान्याचा ऊस विकास अधिकारी आणि चहा बिनसाखरेचा! गट ऑफिसातली पोरे हसतात. पण सभासद बंधूंनो, आपल्यापैकी किती घरांत आज दोन प्रकारचे चहा होतात, हे आपण आठवून पाहावे. शहरातला माणूस तर डब्यावरचे साखरेचे प्रमाण वाचून माल घेऊ लागला आहे.

नेस्ले कंपनीने 2016 च्या अखेरीस जाहीर केले की साखरेच्या कणाची रचना आतून सच्छिद्र केली तर ती जिभेवर लवकर विरघळते आणि कमी साखरेत तेवढीच गोडी लागते. 2018 साली इंग्लंडात त्यांनी तीस टक्के कमी साखरेची पांढऱ्या चॉकलेटची वडी बाजारात आणली. लोकांनी ती फारशी घेतली नाही आणि 2020 साली ती बंद झाली. साखर छापणारे ते 2014 चे यंत्रही घरोघर काही पोचले नाही.

याचा अर्थ काय घ्यावा? काही जण म्हणतील, बरे झाले, धोका टळला. मला तसे वाटत नाही. एक कंपनी थांबली म्हणून विचार थांबत नसतो. साखर कमी खायची आणि तिचा आनंद मात्र पुरेपूर घ्यायचा, ही माणसाची गरज आता जाणार नाही. आणि या दोन्ही उदाहरणांत जी उणीव राहिली, ती माझ्या मते यंत्राची नव्हती. त्यांच्याकडे यंत्र होते, पण त्या वस्तूची वाट पाहणारा सण नव्हता. आपल्याकडे संक्रांत आहे, पाडवा आहे, बोरन्हाण आहे. हलव्याचा दागिना कुणी पोटभर खायला घेत नाही. थोडी साखर, पण डोळाभर आणि मनभर. उद्याची साखर अशीच खपणार असेल तर त्या वाटेवर आपण सगळ्यांच्या आधी उभे आहोत. फक्त आपल्याला ते माहीत नाही.

पाबळचे उदाहरण

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. शिरूर तालुक्यातले पाबळ, पुण्याच्या पलीकडच्या अंगाला, पाण्याची टंचाई असलेले गाव. तेथे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. डॉ. कलबाग हे मुळात अन्न तंत्रज्ञानाचे माणूस, अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. ते सर्व सोडून ते पाबळला गेले आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागले.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी संगणकाने चालणारी कापणारी, कोरणारी, छापणारी छोटी यंत्रे एका खोलीत मांडून 'फॅब लॅब' ही कल्पना काढली. अमेरिकेबाहेरची अगदी सुरुवातीची अशी प्रयोगशाळा 2002 साली उभी राहिली ती कोठे? पाबळला. तेथे विचार झाला तो दुधाची प्रत मोजण्याचे उपकरण, डिझेल इंजिनची जुळणी अशा गावच्या गरजांचा. आज जगात अशा प्रयोगशाळा हजारावर आहेत. डॉ. कलबाग 2003 साली गेले, पण त्यांचे काम चालू राहिले. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तेथे अनेक वर्षे चालत आला आहे.

पाबळसारख्या कोरडवाहू गावाने जे केले ते मुळशीला का जमू नये? आपल्या तालुक्यात हिंजवडी आणि माणला माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. पिरंगुट भागात आपलीच पोरे सीएनसीवर मोटारींचे सुटे भाग कापतात. ज्यांच्या बापाने ऊस लावला, तो पोरगा दुसऱ्याच्या यंत्रावर लोखंड कापतो आणि घरची आजी पडवीत हलवा करते. तिघे एकाच घरात जेवतात, पण तिघांची विद्या कधी एका ताटात आली नाही.

"आधी बिल द्या, मग फुले करा"

हा विचार मी एका गटसभेत बोललो. मागून एक सभासद उठले आणि म्हणाले, "सायेब, आधी उसाचं बिल येळेवर द्या, मग साखरेची फुलं करा." सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. म्हणजे टनाला 3,550. त्या एका टनातून साधारण शंभर किलोच्या वर थोडी साखर निघते. साखरेची किमान विक्री किंमत 2019 साली किलोला 31 रुपये केली होती. उसाचा दर त्यानंतर जवळजवळ दरवर्षी वाढत आला. ही ओढाताण आपणा सर्वांस ठाऊक आहे. बगॅसपासून वीज, मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल यांनी ती थोडी सावरली जाते.

साखरेच्या गाठी आणि हलवा यांनी ही ओढाताण सुटणार नाही. मी कोणालाही खोटी आशा दाखवू इच्छित नाही. कारखान्याच्या एका दिवसाच्या गाळपाची साखर संपवायला अख्ख्या जिल्ह्यातल्या गुढ्या पुरायच्या नाहीत. यातून उसाचा दर एक रुपयानेही वाढणार नाही. पाव किलो साखरेचे दागिने शेकड्याने रुपयांना जातात ते साखरेमुळे नाही, हातामुळे. म्हणून हा विषय कारखान्याच्या ताळेबंदाचा नाही, सभासदाच्या घराचा आहे. ज्या घरात एकर-दीड एकरच ऊस राहिला, बाकीची जमीन रस्त्यात आणि इमारतीत गेली, त्या घराला हंगामाच्या तीन-चार महिन्यांत दुसरा पैसा कोठून येईल, असा तो प्रश्न आहे.

आणि एक मोठा मुद्दा. 1950 साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यापुढे प्रश्न काय होता? ऊस शेतकऱ्याचा, पण यंत्र दुसऱ्याचे. यंत्र ज्याचे, भाव त्याचा. म्हणून शेतकऱ्याने चरकाचा मालक व्हायचे ठरवले. आज चरक आपला आहे, पण साखरेच्या रूपाचे यंत्र कोणाचे होणार हे अजून ठरायचे आहे. उद्या कुणी शहरातली कंपनी गाठीचे आणि हलव्याच्या दागिन्यांचे नमुने संगणकात भरून घेईल, पोत्याने आपलीच साखर नेईल आणि काकूंच्या पडवीतली विद्या डब्यात भरून आपल्याच सुनांना विकेल. त्या दिवशी तक्रार करून उपयोग होणार नाही.

करता येईल ते

कारखान्याने लाखो रुपयांचे यंत्र आणावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपण घाईने आणलेली आणि धूळ खात पडलेली यंत्रे सर्वांनी पाहिली आहेत. माझ्या सूचना साध्या आहेत.

पहिली, सभासदांच्या घरांतील हलवा, गाठी, बत्तासे करणाऱ्या भगिनींची शेतकी गटवार नोंद व्हावी. आपण उसाच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद ठेवतो, या हातांची का ठेवू नये? कुणाचा पाक कसा, साचा किती जुना, कोणत्या लाकडाचा, हे लिहून ठेवावे. जुने साचे सरपणात जाण्याआधी त्यांची मापे घ्यावीत.

दुसरी, सीएनसीवर काम करणारी, संगणक शिकलेली आपली मुले-मुली या भगिनींबरोबर एका खोलीत बसवावीत. पाच-दहा जणांना पाबळला पाहणीसाठी पाठवावे. यंत्र नंतर पाहू. प्रारंभी पिरंगुटात भाड्याने तासावर काम करून मिळते, तेवढे पुरे.

तिसरी, स्वच्छतेचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. छापयंत्राच्या प्लॅस्टिकला थरांच्या बारीक रेघा असतात, त्यात साखर आणि ओल अडकून जंतू वाढतात. म्हणून छापलेला आकार फक्त नमुना म्हणून वापरावा. पाक ओतायचा साचा लाकडाचा, पोलादाचा किंवा खाद्यपदार्थाला चालणाऱ्या सिलिकॉनचाच असावा. अन्न परवाना काढावा.

चौथी, हवा ओळखावी. आपल्या मुळशीच्या पावसात मिठाचा खडा पाणी होतो, तिथे साखरेची वस्तू काय टिकणार? हलवा जानेवारीत आणि गाठी चैत्रात, या दोन्ही कोरड्या हवेच्या वेळा आहेत आणि नेमका तेव्हाच आपला हंगाम चालू असतो किंवा नुकता संपत असतो. जुन्या लोकांनी घातलेला हा मेळ मोडू नये.

पाचवी, नमुना आपला असावा. परदेशी फुले आणि अस्वले छापण्यात अर्थ नाही. मोळी, बैलगाडी, आंबेमोहोराची लोंबी, मुळा-मुठेचा काठ, पौडच्या पोराचे नाव, हे आपले नमुने. वासासाठी बाटलीतला अर्क कशाला, चांगल्या गुळाचा वास काय कमी आहे? आणि जो नमुना तयार होईल तो एकाच्या नावाने न राहता भगिनींच्या सहकारी गटाच्या नावाने राहावा.

यांतली पहिली सूचना तर बिनखर्ची आहे. आमचे गटप्रमुख आणि चिटबॉय नोंदीला येतील तेव्हा उसाच्या क्षेत्राबरोबर हेही सांगावे. मी स्वतः वही घातली आहे. पहिल्या पानावर काकूंचे नाव आहे, दुसऱ्यावर त्यांच्या नातवाचे.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेलो होतो. नातू नव्या साच्याचे चित्र दाखवीत होता. काकूंनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले, मग बोट पुढे करून काचेवरूनच कडेचा उतार चाचपला आणि म्हणाल्या, "इथं अजून थोडा." पोराने मुकाट्याने आकडा बदलला.

लागणीची नोंद वेळेवर द्यावी, बेणे निरोगी वापरावे, हे सांगायचे राहिले. ते पुढील अंकी.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी